सीटखालचे चार बोल्ट

उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांचा मूड बिघडला की बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात दोन गोष्टी ठरलेल्या. आधी लोकल बंद आणि पाणी ओसरलं की गॅरेजबाहेर उन्हात मांडलेल्या गाड्यांच्या सीट्स! २६ जुलै २००५ कोण विसरेल? आणि २७ जुलै २०१९ला तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. मग पार्किंगमधल्या आपल्या हॅचबॅकची काय कथा!

कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो. सीट काढल्याशिवाय तो नीट वाळत नाही आणि मग कुबट वास, गंज वगैरे. म्हणून सीट काढायची, हे पटतं. पण परत बसवताना 'चार बोल्ट तर आहेत' असं कुणी म्हणालं, की मी त्या दादांच्या शेजारीच उभी राहते.

कारण सिंपल आहे. बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटबेल्टचं बकल सीटच्या फ्रेमलाच असतं. धडक बसली की तुम्हाला बेल्ट धरणार आणि बकलाला सीट. सीटला कोण? तेच चार बोल्ट!

तर उभं राहून बघायचं काय? बॅटरीची मायनस वायर सुटलेली हवी. सीटखालचे सगळे कनेक्टर जोडून मगच ती लावायची. साइड एअरबॅग असेल तर तिचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो. तो सुटा असताना इग्निशन ऑन केलं, तर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि सहसा स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

चारही बोल्टचे आटे आधी हातानेच धरवायचे. एकच कचकचून आवळला, तर बाकीची भोकं जुळत नाहीत. गंजलेला बोल्ट बदला, पण तशाच ग्रेडचा घ्या. शेवटचा पिळ टॉर्क रेंचनेच, तोही कंपनीने दिलेल्या मापाने.

मग सीट पुढे-मागे सरकवा. दोन्ही रेल एकाच वेळी 'खट्' करून लॉक व्हायला हव्यात. बकलात चिखल राहिलाय का, तेही तपासा.

नवं सीट कव्हर घेताय? साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेला असते, तिथली शिवण तिच्यासाठीच बनवलेली हवी. लेदर लुक मस्तच, पण एअरबॅगची वाट अडवणारं कव्हर फुकटातही नको, बॉस!