मांसाहाराचा हिशेब माळावर मांडावा

एक किलो गोमांसामागे सरासरी १५,४०० लिटर, मेंढीच्या मांसामागे १०,४०० लिटर, शेळीच्या मांसामागे ५,५०० लिटर आणि कोंबडीच्या मांसामागे ४,३०० लिटर पाणी खर्ची पडते, असा हिशेब मेकोनेन व हुक्स्ट्रा या नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडला आहे. त्यावरून मांसाहार सोडला की पाणी वाचेल, असा निष्कर्ष सहज काढला जातो. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

हे आकडे जागतिक सरासरीचे आहेत आणि त्यांतील बहुतांश पाणी चारा वाढविणाऱ्या पावसाचे आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील बालाघाटाच्या खडकाळ माळांवर शेळी जगते ती बाभळीच्या शेंगांवर आणि बोरी-हिवराच्या पाल्यावर. शेळीने तो पाला खाल्ला नाही, म्हणून त्या खडकावर ज्वारी पिकणार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्या पाण्याला पर्यायी उपयोग जवळजवळ नाही.

पाण्याची खरी चढाओढ आहे ती धरणे, कालवे आणि विहिरींवर. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास; उसाला लागणारे पाणी त्याच्या सुमारे तिप्पट. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईचे खापर मटणाच्या ताटावर फोडता येणार नाही.

याचा अर्थ मांसाहार निर्दोष आहे असा नव्हे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या मापाने त्याची तापविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट आहे. मात्र भारतात या मिथेनचा मोठा वाटा गाई-म्हशींचा असून त्या मुख्यतः दुधासाठी पाळल्या जातात. तेव्हा शाकाहारी माणसालाही दुधाचा पेला हाती धरून या हिशेबातून सुटता येत नाही. मका-सोयाबीनच्या खाद्यावर वाढणाऱ्या कोंबडीचा भार तर थेट पिकाऊ जमिनीवर पडतो. शेळ्यांची संख्या माळाच्या कुवतीपलीकडे गेली की कोवळे कोंब खुडले जातात, मातीची धूप होते आणि पुढच्या वर्षीचा चारा आजच संपतो.

म्हणून प्रश्न केवळ काय खावे हा नसून, खाल्ले गेलेले जनावर कशावर वाढले हा आहे. गायराने अतिक्रमणातून मोकळी करावीत, माळाचे भाग पाडून आळीपाळीने चराई करावी, तुरीचा भुसा व शेवरीसारखा पाला गोठ्यात द्यावा. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त पाळली, हे उदाहरण दूरचे नाही. मात्र बंदीच्या काळात भूमिहीनांच्या शेळ्यांसाठी चाऱ्याची सोय आधी झाली पाहिजे.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबामागे गावी राहिलेल्या म्हातारीजवळ अडीअडचणीला विकता येईल असे धन म्हणजे दोन शेळ्या. पर्यावरणाच्या नावाने त्या प्रथम हिरावून घ्यायच्या आणि कालव्यावरील उसाबद्दल मौन पाळायचे, हा हिशेब चुकीचा तर आहेच. तो अन्यायाचाही आहे.