कच्चा मासा, पक्का विचार

गेल्या काही महिन्यांपासून दवाखान्यात एक नवाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. "डॉक्टर, सुशी खाल्ली तर चालते का हो?" विचारणारी मंडळी आपल्या भोरची, वेल्ह्याकडचीच असतात. मुलगा-सून पुण्याला नोकरीला. बाणेर नाहीतर कोरेगाव पार्कच्या बाजूला घर. घराजवळच एखादे जपानी पद्धतीचे हॉटेल. आई-वडील चार दिवस राहायला गेले की नातवाच्या वाढदिवसाला त्यांनाही तिथे नेले जाते. समोर भाताचा छोटा मुटका आणि त्यावर कच्च्या माशाची गुलाबी तुकडी येते. आई ती हळूच ताटाच्या कडेला सारते. वडील पोराचे मन मोडू नये म्हणून डोळे मिटून गिळतात. परत आल्यावर मात्र दोघांच्याही मनात किडा वळवळू लागतो. एक गृहस्थ तर थेट जंताची गोळीच मागायला आले होते.

या विषयावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, कच्चा मासा खाणे हा शुद्ध रानटीपणा. त्याने रोग होणारच. दुसरा, बहुधा तरुण तट म्हणतो, जपानी माणसे एवढी दीर्घायुषी असतात, तेव्हा ते खातात ते चांगलेच असणार. वाचकहो, मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. मासा कच्चा आहे की शिजवलेला, एवढ्यावरून निकाल देता येत नाही. तो कोणत्या पाण्यातला, पकडल्यापासून किती थंड ठेवलेला आणि कोणाच्या हातून आलेला, हे तीन प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे पुण्याच्या चांगल्या हॉटेलात एक येतात आणि आपल्या भाटघर धरणाच्या काठावर अगदी वेगळी येतात. हा फरक समजावा म्हणून आजचा लेख.

सुशी म्हणजे नेमके काय?

पुष्कळांचा समज असा की सुशी म्हणजे कच्चा मासा. वास्तविक सुशी हे नाव भातावरून आले आहे. तांदळाचा शिरका, थोडी साखर आणि मीठ घालून आंबट केलेला चिकट भात, त्याची ती सुशी. भाताशिवाय नुसत्या कच्च्या माशाचे काप देतात, त्याला साशिमी म्हणतात. काकडी घातलेली, अंड्याची, शिजवलेल्या कोळंबीची अशीही सुशी असते. म्हणजे सुशीच्या हॉटेलात गेले की कच्चे खावेच लागते असे नाही.

हा पदार्थ मुळात मासा टिकवण्याच्या खटपटीतून जन्माला आला. आग्नेय आशियातील भातशेती करणारे लोक खारवलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवत. मासा खात आणि भात फेकून देत. ही रीत पुढे जपानात गेली. तेथील बिवा सरोवराच्या परिसरात गोड्या पाण्यातला मासा असा आंबवून आजही खातात. आजची हातात धरून खायची सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. एदो, म्हणजे आताच्या टोकियो शहरात ती लोकप्रिय करण्याचे श्रेय हानाया योहेई यांना दिले जाते. त्या काळी ती रस्त्यावरच्या गाड्यावर मिळे, आपल्याकडच्या वडापावसारखी. बर्फ नव्हता, म्हणून मासा शिरक्यात किंवा सोयाच्या रसात मुरवत. सांगायचे तात्पर्य, ज्यांनी हा पदार्थ घडवला त्यांनाही मासा नासतो याची पक्की जाण होती.

धोका कोठे असतो?

समुद्रातील काही माशांच्या मांसात अ‍ॅनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असतात. मासा कच्चा खाल्ला आणि त्यात जिवंत अळी असली, तर ती जठराच्या अस्तरात तोंड खुपसते. काही तासांत पोटात भयंकर कळा आणि उलट्या सुरू होतात. दुर्बिणीने अळी काढावी लागते. जपानात दरवर्षी अशा रुग्णांची नोंद होते; म्हणजे जपानी पोट काही वज्राचे नसते.

यावर उपाय आहे तो गोठवण्याचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा, की कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशाला गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा. मोठ्या शीतगृहात हे जमते. आपल्या घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा त्या कामाचा नाही. त्यातून वीज दिवसातून दोनदा गेली की हिशेबच संपला. शेततळ्यात वाढवलेला मासा जसा आपण घातलेले खाद्य खातो, तसा नॉर्वेतील साल्मन मासा समुद्रातल्या जाळीत तयार खाद्यावर वाढवतात. त्यामुळे त्यात ही अळी क्वचितच सापडते. बहुतेक हॉटेलांत सुशीला हाच मासा वापरतात, हे त्यातल्या त्यात बरे.

परंतु गोठवल्याने कृमी मरतात, सगळे जीवाणू मरत नाहीत. मासा वितळल्यावर तो उबेत राहिला की ते पुन्हा वाढतात. १९५० साली जपानातील ओसाका येथे अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीतून विषबाधा झाली. त्यात २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. त्या तपासातून समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ जातीचा एक नवा जीवाणू उजेडात आला. तो पटकीच्या जंतूचा चुलत भाऊ. थंडी सुटली की मासा किती लवकर दगा देतो, हे यावरून दिसते.

आणखी दोन गैरसमज काढून टाकू. लिंबू पिळल्याने, शिरका घातल्याने किंवा सुशीबरोबर मिळणाऱ्या हिरव्या तिखट वासाबीने माशातली अळी मरत नाही. सोबत दोन घोट घेतले की जंतू जळतात, हेही खोटे. आणि आधी जंताची गोळी घेतली म्हणून कच्चा मासा निर्धोक होत नाही.

गोड्या पाण्याची गोष्ट निराळी

आता आपल्या अंगणात येऊ. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव अशी धरणे आपल्या या मुलखात आहेत. रोहू, कटला, मरळ, चिलापी हा आपला मासा. मोबाइलवर पाहून हौशी तरुण आता घरी सुशी करू लागले आहेत. धरणकाठी तंबू ठोकून राहणाऱ्या पर्यटकांपैकी कोणी 'एकदम ताजा आहे' म्हणून मासा कच्चा चाखूनही पाहतो. त्यांना मी हात जोडून सांगतो, हे करू नका. गोड्या पाण्यातला मासा कितीही ताजा असला तरी कच्चा खाण्याचा नव्हे. ताजेपणाने कृमी जात नाहीत. उलट ताज्या माशात ते जिवंत असतात.

सिंगापूरसारख्या कडक शिस्तीच्या शहरात २०१५ साली गोड्या पाण्यातील कच्च्या माशाचे काप खाऊन शंभराहून अधिक लोकांना स्ट्रेप्टोकोकस जीवाणूची गंभीर बाधा झाली. काहींच्या मेंदूच्या आवरणाला, काहींच्या सांध्यांना सूज आली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील सरकारने कच्च्या पदार्थांत गोड्या पाण्यातला मासा वापरण्यावर बंदी घातली. ईशान्य थायलंडमध्ये नदी-तळ्यातला कच्चा मासा बारीक चिरून, लिंबू-मिरची लावून खाण्याची जुनी आवड आहे. त्यातून यकृतात चपटे कृमी शिरतात, वर्षानुवर्षे पित्तनलिकेत राहतात आणि पुढे तिथे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या कृमीची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींत केली.

आणि खेकडे? पहिला पाऊस पडला की आपल्याकडे बत्ती घेऊन ओढ्याला जाणारे काही थोडे नाहीत. रस्सा उत्तमच होतो, मीही आवडीने खातो. पण गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुप्फुसाचा एक चपटा कृमी माणसात येतो. आपल्या देशात मणिपूर व ईशान्येकडील भागात त्याचे रुग्ण आढळले आहेत. महिनोन् महिने खोकला, गंजासारखा किंवा रक्तमिश्रित बेडका, छातीच्या फोटोवर डाग; सगळी लक्षणे क्षयाची. क्षयाची औषधे सुरू होतात, रोगी गुण येईल म्हणून वाट पाहतो आणि गुण येत नाही, कारण क्षय नसतोच. बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी दिसली की प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने थोड्या दिवसांत रोगी बरा होतो. म्हणून खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी रुग्णालयात बेडका तपासून घ्याच. आणि खेकडे-मासे कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले असतील, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा.

कच्चा खेकडा आम्ही कुठे खातो, असे माझ्या माता-भगिनी म्हणतील. खरे आहे. पण खेकड्याच्या नांग्या पाट्यावर वाटून, रस गाळून रस्सा करायची आपली पद्धत. त्याच पाट्यावर, नुसते पाणी ओतून, मागाहून चटणी वाटली गेली तर? कृमीच्या अळ्या हाताला, पाट्याला, सुरीला चिकटून तोंडात जाऊ शकतात. मिक्सरच्या भांड्याचेही तेच. तेव्हा खेकडा वाटून झाल्यावर पाटा-वरवंटा उकळत्या पाण्याने धुवा, हात साबणाने धुवा आणि रस्सा खळखळून उकळू द्या. निखाऱ्यावर भाजलेल्या खेकड्याचे आतले मांस लिबलिबीत राहिले असेल, तर परत निखाऱ्यावर ठेवा. सर्दी-खोकल्यावर म्हणून लहान मुलाला कच्चा रस तर कधीच पाजू नका. कोरियात गोवरावर उपाय म्हणून मुलांना कच्चा रस पाजत आणि त्यातून मुलांच्या छातीत हा कृमी जाई.

हॉटेलात गेलातच तर

धडधाकट माणसाने पुण्याच्या चांगल्या, गिऱ्हाइकांची वर्दळ असलेल्या हॉटेलात कधीमधी सुशी खाल्ली तर त्याला मी नको म्हणणार नाही. फक्त काही पथ्ये पाळा. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का, पाहा. मासा कोणता, गोठवलेला होता का, हे खुशाल विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तुकडी थंड, घट्ट आणि समुद्राच्या हलक्या वासाची असावी. उग्र वास आला तर पैसे गेले तरी चालतील, खाऊ नका. मागवले की लगेच खा. आणि उरलेली सुशी 'शेजाऱ्यांना दाखवू' म्हणून पिशवीत घालून स्वारगेटहून एसटीने भोरला आणू नका. उन्हाळ्यात त्या प्रवासाने चांगल्या माशाचेही विष होते.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, फार वृद्ध माणसे, यकृताचे रोगी, कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध चालू असलेले रोगी, यांनी कच्चा मासा पूर्ण वर्ज्य करावा. अशा सुनेला किंवा सासऱ्यांना 'एकच तुकडा' म्हणून आग्रह करू नका. त्यांच्यासाठी काकडीची किंवा शिजवलेल्या कोळंबीची मागवा. मधुमेह्यांनी लक्षात ठेवावे, की त्या भातात साखर असते. रक्तदाबाच्या रोग्यांनी सोयाच्या रसापासून जपावे. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते आणि दिवसभराची मर्यादा आहे ५ ग्रॅमची.

आपल्या बाजाराचे काय?

शेवटी माझे खरे म्हणणे मांडतो. जपानी हॉटेलातल्या एका तुकडीची आपण एवढी धास्ती घेतो. पण आठवडे बाजारात उन्हात, माश्या घोंगावत असलेल्या गोणपाटावर पडलेला बांगडा आपण बिनधास्त घेतो. शिजवला की झाले, अशी समजूत. बांगडा, कुपा, तारली हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते कितीही शिजवले, तळले तरी जात नाही. जेवल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात. रोगी म्हणतो मला माशाची अ‍ॅलर्जी झाली आणि कायमचा मासा सोडतो. दोष माशाचा नसतो, न घातलेल्या बर्फाचा असतो.

आपल्याकडे समुद्राचा मासा कोकणातून घाट चढून किंवा पुण्याच्या बाजारातून येतो. इतक्या लांबून येणाऱ्या माशाला निदान त्याच्या वजनाइतका बर्फ हवा. विक्रेत्यांना दोष देऊन उपयोग नाही. बर्फाला पैसे पडतात आणि गिऱ्हाईक तर रुपया-रुपयासाठी घासाघीस करते. भोरची नगरपालिका आणि आपल्या ग्रामपंचायती यांनी मासळीच्या ओट्याला सावली, वाहते पाणी आणि वाजवी दरात बर्फ द्यावा. आपणही बर्फातला मासा मागावा आणि त्याचे दोन पैसे जास्त मोजावेत. सुशी आवडो न आवडो. मासा थंड आणि हात स्वच्छ ठेवण्याची त्या स्वयंपाक्यांची शिस्त मात्र जरूर उचलावी. ती आपल्या कालवणालाही तितकीच हवी.