सुट्टीआधीच दमवणारी सुट्टी

परीक्षेचे वेळापत्रक शाळेच्या फलकावर लागते, त्याच सुमारास घरोघरी दुसरे एक वेळापत्रक आकार घेऊ लागते. मे महिन्यात कुठे जायचे, कोणाची रजा कधी मंजूर होणार, आजी-आजोबा येणार की नाही, गाडीचे आरक्षण कोण करणार? रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्यामुळे मेच्या मध्याला निघणाऱ्या कुटुंबातले कोणी तरी मार्चच्या मध्याला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल धरून बसलेले असते. काही मिनिटांत प्रतीक्षा यादी सुरू होते आणि त्या घराची उन्हाळी सुट्टी कपाळावरच्या आठीपासून सुरू होते.

मुलांचा हट्ट थीम पार्कचा असेल तर ही आठी आणखी खोल जाते. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत मे महिन्यातला एक दिवस त्याच्या नावाने राखलेला असतो. एकाच दिवसाची सहल, पण तारीख, तिकिटे, वाहन, जेवण, बदलायचे कपडे आणि कोणत्या पाळण्यात कोणाला बसू देतील, इतके प्रश्न त्यात असतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या आई-वडिलांच्या भेटीत ऑर्लंडोचे डिस्ने वर्ल्ड ठरलेले असले, तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा. तिथल्या उपाहारगृहांतील जागा ६० दिवस आधी राखता येतात. रांग टाळण्याच्या सशुल्क सोयीची नोंदणी, २०२४ पासूनच्या पद्धतीनुसार, त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी करता येते. मौज करायला जायचे, पण त्यासाठी गजर लावून उठायचे, अशी ही तऱ्हा. लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, या म्हणीला आता ‘सहल पाहावी आखून’ अशी जोड द्यायला हरकत नाही.

हा ताण हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शरीराला ताणाचे कारण आनंदाचे आहे की दुःखाचे, याच्याशी फारसे देणे-घेणे नसते. मेंदूला ‘काही तरी निसटते आहे’ असे वाटले की अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू आवळले जातात. घटना थोडक्यात आटोपली तर शरीर पूर्ववत होते. पण आठवडेच्या आठवडे मनात तेच घोळत राहिले तर झोप तुटक होते, आम्लपित्त वाढते, डोके दुखते, मधुमेह असलेल्यांची साखर वर-खाली होते. अर्धशिशीचा झटका तर पुष्कळदा ताण ओसरताना येतो. सगळी तयारी झाली, गाडीत बसले आणि डोके ठणकू लागले, हा अनुभव अनेकांचा असतो. त्याला ‘बाहेरचे ऊन बाधले’ म्हणून सोडून दिले जाते.

या ताणात सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले जात आणि कोणत्या दगडाखाली साप असेल हे ओळखायला सांगितले जाई. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसे. झटका बसणारच हे पक्के ठाऊक असताना लोकांना जितका ताण आला, त्याहून अधिक ताण बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. प्रतीक्षा यादीतले तिकीट खिशात असलेल्या प्रवाशाला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. ‘तिकीट नाही’ हे उत्तर माणूस पचवतो आणि एसटी किंवा दुसरी तारीख पाहतो. ‘बहुधा होईल’ हे उत्तर मात्र त्याला रात्री दोनदा मोबाइल पाहायला लावते.

दुसरे कारण म्हणजे वेळेचा चुकीचा अंदाज. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या मानवी खोडीला नाव दिले. एखादे काम किती वेळात होईल हे सांगताना माणूस सगळे सुरळीत घडेल असेच धरून चालतो. पुढे एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला, प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. सहलीच्या आखणीतही हेच होते. सकाळी सहाला निघू, नऊला पोहोचू, दुपारपर्यंत दहा पाळणे होतील, असे कागदावर लिहिले जाते. त्यात घाटातली वाहनांची रांग नसते, लहानग्याची शी नसते, आजीचे गुडघे नसतात. मग दिवस हातातून निसटला की चिडचिड सुरू होते. दोष दिवसाचा नसतो, तो कागदाचा असतो.

आणि कागद कितीही पक्का असला तरी काय होऊ शकते, याचा पहिला धडा थीम पार्कच्याच इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचे उद्घाटन १७ जुलै १९५५ रोजी, रविवारी झाले. बनावट तिकिटांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे आत शिरली. नळ-कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे होते. नुकतेच घातलेले डांबर उन्हाने मऊ पडले आणि बायकांच्या टाचांचे बूट त्यात रुतले. ज्यांच्याकडे पैसा, अभियंते आणि वर्षभराची तयारी होती, त्यांचाही दिवस ठरल्याप्रमाणे गेला नाही. चार माणसांच्या कुटुंबाने स्वतःकडून त्याहून चोख कामगिरीची अपेक्षा का ठेवावी?

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा कमी होते. हा सगळा पसारा बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतो, आणि ते माणूस बहुधा घरातली बाई असते. तिकीट काढणे हे दिसणारे काम, ते कदाचित नवरा करतो. पण मुलीला गाडी लागते म्हणून गोळी घ्यायची, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या मोजून ठेवायच्या, दूधवाल्याला सांगायचे, कुंड्यांना पाणी कोण घालणार ते ठरवायचे, निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करायचा, हे काम कोणाला दिसत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंगर यांनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारित संशोधनात अशा बौद्धिक घरकामाचे चार भाग मांडले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय दोघे मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग स्त्रियांच्याच वाट्याला जास्त येतो, असे त्यात आढळले. ‘तू फक्त सांग, मी करतो’ या प्रेमळ वाक्याने ओझे उतरत नाही ते यामुळेच. सांगण्यासाठी आधी लक्षात ठेवावे लागते, आणि खरा शीण तिथेच असतो.

या धावपळीत घरातल्या दुबळ्या माणसांच्या तब्येतीची गोष्ट मागे पडते, हा सर्वांत गंभीर भाग आहे. इतके पैसे भरले, इतके दिवस खपून आखले, आता आपल्यामुळे बेत फिसकटायला नको म्हणून आजोबा जिना चढताना लागणारी धाप सांगत नाहीत. आजी पाय सुजले तरी साडीखाली झाकते. मधुमेही काका जेवणाची वेळ टळली तरी रांग सोडत नाहीत. स्वतः आखणी करणारी बाई तर आपली तपासणी ‘परत आल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलते. छातीत जडपणा, चालताना दम लागणे, अचानक घाम किंवा चक्कर ही लक्षणे सहलीआधी दिसली तर तारीख बदलावी, तपासणी नाही. तिकिटाचे पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात.

मोठे पाळणे म्हणजे निव्वळ गंमत, असेही समजू नये. जर्मनीतील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत रोलर कोस्टरवर बसलेल्या निरोगी माणसांचीही हृदयगती सरासरी मिनिटाला १५० च्या पुढे गेली होती. निरोगी हृदय हे सहज सोसते. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मानेचे किंवा पाठीचे दुखणे आणि गरोदरपण यांत असे पाळणे टाळायला हवेत. प्रवेशाजवळच्या सूचना याचसाठी असतात. त्या सूचना आणि मुलांच्या उंचीची अट घरीच वाचून ठेवली, तर रांगेच्या टोकाला पोहोचून परत फिरण्याचा आणि मुलाच्या रडण्याचा प्रसंग टळतो.

मग आखणी करूच नये काय? तसे नाही. नेदरलँड्समध्ये १५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसे निघण्यापूर्वीच इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळली, बहुधा वाट पाहण्यातल्या सुखामुळे. परतल्यावर मात्र त्यांच्यात आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नाही. अपवाद होता तो सुट्टी अगदी निवांत गेली असे सांगणाऱ्यांचा. याचा अर्थ, सुट्टीच्या सुखाचा मोठा वाटा निघण्याआधीच्या दिवसांत असतो. तोच वाटा काळजीत घालवला तर मूळ भांडवलच संपते.

उपाय साधे आहेत आणि त्यांना खर्च नाही. पहिला, डोक्यातले सारे कागदावर उतरवावे. अपुरी कामे मनात पुन्हा पुन्हा डोकावतात, पण ते काम कधी आणि कसे करायचे हे नेमके ठरवले की त्यांचा ससेमिरा कमी होतो, असे २०११ च्या एका संशोधनात दिसले. २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. एक वही स्वयंपाकघरात टांगावी आणि प्रत्येक कामापुढे एकाचे नाव लिहावे. ज्याचे नाव, त्यानेच ते आठवायचे आणि पूर्ण करायचे. दहा वर्षांच्या मुलालाही पाण्याच्या बाटल्या आणि टोप्यांची जबाबदारी देता येते.

दुसरा, खर्चाचा आकडा आधी आणि ठिकाण नंतर ठरवावे. ठिकाण आधी ठरले की आकडा त्याच्यामागे फरफटतो आणि हप्ते फेडताना सुट्टी पुन्हा पुन्हा आठवते, पण कडवटपणे. तिसरा, शोधाला मुदत घालावी. अमेरिकी विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच दाखवले होते की माणूस सगळे पर्याय तोलून सर्वोत्तम निवडूच शकत नाही, तो ‘पुरेसे चांगले’ निवडतो. दोन संध्याकाळी शोधावे, तीन पर्याय काढावेत, एक निवडावा आणि निवडल्यानंतर त्याहून स्वस्त काही आहे का हे पाहणे बंद करावे. तिकीट अनिश्चित असेल तर दुसरा बेत त्याच दिवशी लिहून ठेवावा, म्हणजे अनिश्चिततेची धार बोथट होते.

चौथा, प्रत्येकाने आपली एकच इच्छा सांगावी. चार माणसे, चार गोष्टी. त्या झाल्या की दिवस सफल. बाकी मिळेल ते वरकड. एप्रिल-मे महिन्यांत बारा ते तीनच्या उन्हात सावलीत बसण्याची वेळ आखणीतच धरावी. पाचवा, शेवट सांभाळावा. कानेमन आणि डॉ. डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये आतड्याच्या दुर्बीण तपासणीतून गेलेल्या रुग्णांच्या आठवणी तपासल्या. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारसे महत्त्व नव्हते, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे क्षण लक्षात राहिले होते. वेदनेला जे लागू, ते आनंदालाही बऱ्याच अंशी लागू पडते. शेवटचा पाळणा गाठण्यासाठी सगळ्यांना पळवण्यापेक्षा तासभर आधी निघून वाटेत निवांत चहा घेतलेला बरा.

औषधांची पिशवी निघण्याच्या आठवडाभर आधी भरावी. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि विमानात सामानखान्यात देऊ नये, ते हातातल्या पिशवीत असावे. जलसंजीवनीची पाकिटे घ्यावीत आणि पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती विरघळवावीत.

इतके करूनही झोप उडालेली असेल, छातीत धडधड होत असेल, लहानसहान गोष्टीने रडू कोसळत असेल आणि हे दोन-तीन आठवडे टिकले असेल, तर कारण सहल नसून सहलीने उघडे पाडलेले दुसरे काही असू शकते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

यंदा मे महिन्यातली तारीख पक्की करण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसांनी एकदा एकत्र बसून सर्व कामे मोजावीत आणि कोणाच्या नावापुढे किती आहेत ते पाहावे. एकाच नावापुढे वीस असतील, तर आधी ती वाटून घ्यावीत. तिकिटाचे नंतर पाहता येईल.