वाद्य कुणाच्या नावावर?

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं मी इटलीत, बोलोन्यात राहिले. तिथल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात एक इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती. सोनेरी, चमचमती, दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतात तसल्या कागदात गुंडाळल्यासारखी. पोटावर बटणांची ओळ. मी ती खाली काढून दाखवायला सांगितली. दुकानदाराने ती काढली आणि माझ्याबरोबर आलेल्या सहकाऱ्याच्या हातात दिली. गिटार कुठल्या बाजूने धरायची हेही त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. पण साल, किंमत, दुरुस्ती, सगळं दुकानदार त्यालाच समजावून सांगत होता. शेवटी मी म्हटलं, "घेणार मी आहे." तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, "घ्या, घ्या. भिंतीवर फार शोभून दिसेल."

मी ती घेतली आणि भिंतीवर टांगली नाही. ती वाजवताना, उघडून दुरुस्त करताना जे प्रश्न पडले, ते इथे मांडते आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, रेशन, पाणी, मारहाण, पोटगी एवढे प्रश्न पडलेले असताना हिला जुन्या गिटारीचं काय सुचतंय? प्रश्न रास्त आहे. माझ्या हातात स्वतःचा पगार होता म्हणून ती मला घेता आली, हेही खरं. पण वस्तू कोण बनवतं, तिच्यावर नाव कुणाचं लागतं, ती कुणाच्या मालकीची होते आणि ती वापरायची मुभा कुणाला असते, हे आपल्या चळवळीचे जुनेच प्रश्न आहेत. जमिनीबाबत, घराबाबत आपण ते विचारतो, मग वाद्याबाबत का विचारू नयेत?

आधी या गिटारी आल्या कुठून ते सांगते. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के प्रांत आहे. तिथल्या कास्तेल्फिदार्दो गावात पाओलो सोप्रानीने १८६३ साली अ‍ॅकॉर्डियन बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू आसपासची गावं त्या धंद्यावर जगू लागली. अ‍ॅकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची चुलतबहीण. तसाच भाता, तशाच धातूच्या सूरपट्ट्या, फक्त खांद्याला अडकवून वाजवायची. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोलची लाट आली, तरुण पोरांना गिटार हवी झाली आणि अ‍ॅकॉर्डियनचा खप घसरला. तेव्हा या कारखानदारांनी तीच अवजारं आणि तेच कारागीर गिटारीकडे वळवले. शेजारचं रेकानाती हे कवी लेओपार्दीचं गाव. तिथे ओलिव्हिएरो पिजिनीने १९५९ साली एको ही कंपनी काढली. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या नावाने अमेरिकेत विकल्या गेलेल्या कितीतरी गिटारी खरं तर एकोच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.

म्हणूनच १९६० च्या दशकातल्या या गिटारी अशा दिसतात. अ‍ॅकॉर्डियनवर चढवायचं चमकीचं, मोत्याच्या झाकेचं सेल्युलॉइड गिटारीच्या लाकडावर चढलं. अ‍ॅकॉर्डियनचा आवाज बदलायला बटणं असतात, तशी बटणं गिटारीवर आली. तारांखाली चार-चार पिकअप बसवलेले आणि त्यातले कोणते चालू ठेवायचे ते बटण दाबून ठरवायचं. अमेरिकन गिटारीला हे काम एका साध्या खटक्यावर भागतं. त्यामुळे बरीच वर्षं या इटालियन गिटारींची खेळणी म्हणून टिंगल झाली. आज त्यांना 'व्हिंटेज' म्हणतात आणि हौशी लोक त्या जमवतात.

पण या गिटारी घडवल्या कुणी? पुस्तकं उघडली की नावं मिळतात ती सोप्रानीचं, पिजिनीचं. उत्तरेकडे रेज्जो एमिलियाजवळच्या काव्रिआगोत आंतोनिओ पिओली नावाचा एक अवलिया होता. तो 'वांद्रे' या नावाने अॅल्युमिनियमच्या मानेच्या, चित्रासारख्या रंगवलेल्या गिटारी बनवायचा. (आपल्या मुंबईच्या वांद्र्याशी याचा काही संबंध नाही.) त्याच्यावर भरभरून लिहिलं जातं. सगळे संस्थापक पुरुष, सगळे कल्पक. कल्पक ते होतेच, मी ते नाकारत नाही. पण अ‍ॅकॉर्डियनच्या कारखान्यांची जुनी छायाचित्रं पाहिली तर बाकांवर ओळीने बसलेल्या बायका दिसतात. बारीक, नाजूक, डोळे आणि बोटं शिणवणारं काम त्यांच्याकडे. छायाचित्राखाली नाव मात्र कारखान्याचं.

शिवाय मार्के प्रांतात चपलाबुटांपासून कितीतरी मालाचं काम बायका घरी बसून, नगावर करत. आपली विडी वळणारी बाई आणि ही बाई यांच्यात फार अंतर नाही. घरबसल्या कामासाठी इटलीत १९५८ साली कायदा झाला. तो पुरा पडला नाही म्हणून १९७३ साली दुसरा करावा लागला. भारताने मात्र घरी काम करणाऱ्यांविषयीचा १९९६ चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार अजून स्वीकारलेला नाही.

कामगार बाईचं नाव वाद्याला लागलं तर काय होतं, याचे दोन दाखले अमेरिकेत मिळतात. इलेक्ट्रिक गिटारीचा जीव असतो पिकअपमध्ये. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात आणि ते कसे घातले यावर आवाज ठरतो. कॅलिफोर्नियात फेंडर कंपनीच्या कारखान्यात अबिगेल इबारा ही बाई १९५६ साली लागली आणि २०१३ साली निवृत्त झाली. आयुष्यभर तिने वेढे घातले. आज तिच्या हातचे पिकअप लोक जादा पैसे मोजून घेतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या कारखान्यात गिब्सनच्या गिटारी प्रामुख्याने बायकांनी बनवल्या. कंपनीच्या इतिहासात याला जागाच नव्हती. जॉन थॉमस या लेखकाने त्यातल्या हयात असलेल्या बायकांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कुठे ते पुढे आलं. म्हणजे आवाज घडवण्यात बायका पहिल्यापासून होत्या. त्यांना वगळलं गेलं ते सांगण्यातून.

आता या गिटारींची नावं पाहा. वांद्रेच्या एका गिटारीचं नाव 'बी. बी.', ब्रिजित बार्दो या फ्रेंच अभिनेत्रीवरून. दुसरीचं नाव 'बिकिनी'. गिटारीला मान, कंबर, अंग असतंच, इटालियनमध्ये आणि आपल्याकडेही ती स्त्रीलिंगी. जमवणारे पुरुष आपल्या गिटारीविषयी बोलतात तेही प्रेयसीविषयी बोलावं तसं. म्हणजे गिटारीच्या रूपात बाई सगळीकडे आहे, पण गिटार वाजवणारी म्हणून तिला जागा नाही. लिव्हरपूलमध्ये १९६३ साली चार मुलींनी 'लिव्हरबर्ड्स' नावाचा बँड काढला. मुली गिटार वाजवत नसतात, असं त्यांना खुद्द जॉन लेननने सुनावल्याची आठवण त्या सांगत आल्या. त्यांनी ऐकलं नाही. हॅम्बर्गच्या स्टार क्लबमध्ये जाऊन त्या वाजवत राहिल्या.

इटलीतही अशी एक मुलगी होती. कातेरिना कासेल्ली. एमिलियातल्या गावोगावच्या नाचगाण्याच्या जागी ती सुरुवातीला बास गिटार वाजवायची आणि गायची. १९६६ च्या सानरेमो महोत्सवात तिच्या गाण्याला दुसरा क्रमांक मिळाला आणि ती घराघरांत पोचली. 'माझा न्याय कुणी करू शकत नाही' असा त्या गाण्याच्या नावाचा अर्थ. पण वर्तमानपत्रांनी तिचं बारसं केलं ते 'सोन्याचं शिरस्त्राण', तिच्या रंगवलेल्या केसांवरून! तिच्या हातातली बास कुणाच्या लक्षात राहिली?

ती इटली कशी होती तेही लक्षात घ्या. लग्न केलं म्हणून बाईला कामावरून काढायला बंदी घालणारा कायदा तिथे १९६३ साली आला. म्हणजे एकोचा कारखाना सुरू झाला तेव्हा तो नव्हता. कासेल्लीच्या गाण्याच्या महिनाभर आधी, १९६५ च्या डिसेंबरात, सिसिलीतल्या आल्कामो गावात फ्रांका व्हिओला या १७ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार झाला. गुन्हेगाराने मुलीशी लग्न केलं की त्याची शिक्षा माफ, असं तिथलं कायद्याचं कलम होतं. फ्रांकाने लग्नाला नकार दिला, खटला लढवला आणि तिच्या गुन्हेगाराला शिक्षा झाली. ते कलम रद्द व्हायला मात्र १९८१ साल उजाडावं लागलं. 'लग्न लावून द्या आणि प्रकरण मिटवा' हे आपल्याकडच्या पंचांच्या तोंडचं वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! अशा देशात, अशा काळात या चमचमत्या गिटारी बनत होत्या. तेव्हा एखाद्या मुलीने ती गळ्यात अडकवून चारचौघांत उभं राहणं ही साधी हौस नव्हती.

आज काय परिस्थिती आहे? फेंडर कंपनीने २०१८ साली जाहीर केलेल्या पाहणीत असं दिसलं, की अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार शिकणाऱ्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत. पण जुन्या गिटारींच्या दुकानात जा, प्रदर्शनात जा. काउंटरच्या आत पुरुष, बाहेरही पुरुष. बाई आलीच तर ती नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी भेट घ्यायला आली असणार, हे गृहीतच.

आणि या दुनियेत जपणं म्हणजे न वाजवणं. मूळचा स्क्रू, मूळचा रंग, मूळची पेटी. हात लावला की किंमत उतरते. मला हे ऐकलं की आपल्या घरातल्या बायकांचं सोनं आठवतं. नावाला तिचं, प्रत्यक्षात कपाटात, किल्ली सासूकडे किंवा नवऱ्याकडे, आणि अडचण आली की सर्वात आधी मोडायचं ते तेच. आपल्याकडे बाईला दागिना मिळतो, अवजार मिळत नाही. दागिन्याने ती नटते. अवजाराने ती काही करू शकते. ज्या वाद्याला हात लावायची चोरी, तेही शेवटी दागिनाच.

इटालियन गिटारीचं एक बरं आहे. त्याच वयाच्या फेंडर-गिब्सनच्या मानाने ती अजून बरीच स्वस्त मिळते, आणि ती हमखास नादुरुस्त असते. माझी घरी आली तेव्हा बटण दाबलं की खरखर व्हायची, दोन पिकअप मुके, सेल्युलॉइड आकसून कडेला उचललेलं. सहा तारांचा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोचा ताण साठ वर्षं सोसून मान पुढे झुकलेली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "ठेवून द्या, शोभेला छान आहे." पुन्हा तेच!

मग मीच उघडली. आत काही जादू नव्हती. बटणांच्या पितळी पट्ट्यांवर गंज चढला होता, तो पुसला. सुटलेली तार डाग देऊन जोडली. मान चार स्क्रूंवर बसवलेली असते. ती सोडवून खाली लाकडाची पातळ चकती सरकवली आणि मान मागे आणली. पहिल्यांदा डाग देताना बोट भाजलं. पण मिक्सर, इस्त्री, फ्यूज यांना हात लावताना 'हे पुरुषांचं काम' म्हणून जी भीती लहानपणापासून मनात बसवलेली होती, ती त्या चार संध्याकाळींत गेली. माझ्या मते वाद्य विकत घेण्याइतकंच त्याचं पोट उघडता येणं महत्त्वाचं आहे. दुरुस्तीसाठी दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत असेल तर ती मालकी अर्धीच.

आपल्याकडे मुलींना पेटी शिकवत नव्हते असं नाही. एका पिढीत तर दाखवायच्या कार्यक्रमात पेटीवर गाणं म्हणून दाखवावं लागे. लग्न ठरलं की पेटी माहेरी, माळ्यावर. सासरी भांडी गेली, कपाट गेलं, पेटी गेली नाही. मुलीचं गाणं हे लग्नाच्या बाजारातलं भांडवल होतं, तिचं स्वतःचं नव्हतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. पण घरातली गिटार, तबला, कॅमेरा, शिवणयंत्राच्या पलीकडची कुठलीही अवजारं कुणाची, हे कायदा सांगत नाही. ते घरातल्या सवयी ठरवतात.

म्हणून मला काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलीला वाद्य शिकवायचं असेल तर ते तिच्या मालकीचं असू द्या, आणि लग्न करो न करो, ती जिथे जाईल तिथे ते जाईल हे आधीच ठरवा. वाद्याबरोबर तिच्या हाती पाना आणि पेचकसही द्या. एकटीला परवडत नसेल तर आपल्या मंडळांनी दोनचार जुनी वाद्यं सामाईक घ्यावीत. वाचनालय चालवता येतं तसं वाद्यालयही चालवता येईल. आणि आपल्यापैकी ज्या लिहितात त्यांनी वाद्यं बनवणाऱ्या बायकांना शोधून त्यांची नावं लिहावीत. आपल्याकडे मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती मोठी आहे. त्या घरांतल्या बायका कोणतं काम करतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मला आवडेल.

माझी गिटार आता आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असते. शेजारची नववीतली मुलगी येते आणि न विचारता घेऊन बसते. सेल्युलॉइडचा एक तुकडा परवा तिच्या हातून निघाला. ती घाबरली. मी तिला डिंकाची बाटली दिली आणि कसा चिकटवायचा ते दाखवलं.

तुमच्या घरी माळ्यावर कुणाची पेटी, कुणाची सतार पडून आहे का? ती कुणाची होती, का बंद पडली, हे जरूर लिहून कळवा.