विश्लेषण : रत्नागिरी-मुंबई विमानाने प्रवासाचा वेळ खरोखर किती वाचेल?

रत्नागिरीजवळ मिरजोळे येथील तटरक्षक दलाच्या विमानतळावर प्रवासी टर्मिनल उभारले जात आहे. त्यामुळे मुंबईला विमानाने किती वेळात पोहोचता येईल, हा प्रश्न रत्नागिरीकरांच्या चर्चेत आहे.

अंतर किती?
मुंबई आणि रत्नागिरी या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे. रस्त्याने हेच अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. वंदे भारतसारख्या वेगवान रेल्वेगाडीलाही साधारण साडेचार तास लागतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेचा वेग आणखी कमी होतो.

मग उड्डाण अर्ध्या तासाचे?
छोट्या मार्गांवर वापरले जाणारे एटीआर-७२ विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने अर्धा तास पुरायला हवा. मात्र वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि मुंबईच्या गर्दीत उतरण्याची वाट पाहणे हे सारे त्यात येते. चिपीचे उदाहरण बोलके आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या मुंबई-सिंधुदुर्ग विमानाला सुमारे ३५० किलोमीटरसाठी वेळापत्रकात १ तास २५ मिनिटे दिली होती. त्यावरून रत्नागिरीसाठी तासभर धरणे योग्य ठरेल.

घर ते घर हिशेब काय?
विमानतळावर किमान तासभर आधी पोहोचणे, उतरल्यावर सामान घेणे आणि मुंबईतील वाहतूक जमेस धरली, तर एकूण चार ते साडेचार तास होतात. अशा वेगवान रेल्वेने घर ते घर साडेपाच-सहा तास लागतात. म्हणजे बचत साधारण दीड तासाची. पनवेल किंवा ठाण्यात राहणाऱ्यांसाठी ती आणखी कमी, कारण रेल्वे त्यांना वाटेतच उतरवते. खरा फायदा मुंबईहून पुढे दिल्ली किंवा परदेशी जाणाऱ्यांना आणि तातडीच्या उपचारांसाठी निघालेल्यांना होईल.

इतक्या कमी अंतरावर विमान चालते का?
स्कॉटलंडमधील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये अवघ्या २.७ किलोमीटरवर नियमित विमान जाते. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे आहेत. तिथे मधे समुद्र आहे, पूल नाही. रत्नागिरीत विमानाची स्पर्धा थेट रेल्वेच्या तिकिटाशी आहे.

अडचण कुठे?
‘उडान’ योजनेत कंपनीला सरकारी भरपाई साधारण तीन वर्षे मिळते. चिपीची मुंबई सेवा ही मुदत संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. त्यामुळे टर्मिनल कधी पूर्ण होते यापेक्षा मुंबईत सोयीची वेळ मिळते का, भाडे परवडते का आणि चौथ्या वर्षीही विमान उडते का, यावर रत्नागिरीच्या सेवेचे भवितव्य ठरेल.