‘कामाला टिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

डहाणू-तलासरी पट्ट्यात माणसं भरायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘इथले लोक कामाला टिकत नाहीत.’ सीमेपलीकडच्या गुजरातेतले, उंबरगाव-सरीगामच्या जीआयडीसीतले ठेकेदार हे बोलतात, बोईसरकडचे अधिकारी बोलतात, चार पावसाळे इथे काढलेला सुपरवायझरही तेच बोलतो. वारली, कोकणा, कातकरी पोरगा हंगामात दांडी मारतो, त्याच्या हातात कौशल्य नाही, आणि स्थानिकांना नोकऱ्या देण्याचा नियम तर आहेच, असा एकूण युक्तिवाद. तो झटकून टाकण्यासारखा नाही. या एका वाक्यापायी इथल्या तरुणाची नोकरी हेल्परवर सुरू होते आणि हेल्परवरच संपते.

दांडीची तक्रार खोटी नाही. जूनअखेरीस, जुलैत आवणी लागते. रोप तयार झालं आणि पाऊस झाला की थांबता येत नाही. त्या थोड्या दिवसांत लावणी उरकली नाही तर घरचा वर्षाचा भात गेला. ठेकेदार बदलला की ज्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते, ज्याला पगाराची पावती मिळत नाही आणि पीएफ कापला तरी भरला की नाही कळत नाही, तो माणूस हातचा भात सोडून मशीनपाशी उभा राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. उत्तरेतला कामगार होळीला, छठपूजेला गावी जातो, कोकणातला गणपतीला जातो. त्यांच्या रजा धरूनच पाळ्या लावल्या जातात. आवणीचे आठ-दहा दिवस तसे धरता येतात. ते न धरणं हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे. त्याचा दोष वारल्याच्या स्वभावावर टाकणं अन्याय आहे.

स्वभावाचीच गोष्ट काढायची तर याच पाड्यांवरची मुलं पावसाळा सरला की ओखा, पोरबंदर, वेरावळला बोटींवर खलाशी म्हणून जातात. तांडेल सांगेल तेव्हा उठायचं, रात्री-अपरात्री जाळं ओढायचं, महिनोन् महिने घर बघायचं नाही. हद्द ओलांडली गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात असतानाच वारला. इतकं सोसून समुद्रावर राबणारी माणसं चार भिंतींच्या कारखान्यात टिकत नसतील, तर आधी कारखान्यातली वागणूक तपासायला हवी.

ही भाषा नवीही नाही. वेठीला धरून फुकट राबवून घेणाऱ्या जमीनदारांनाही वारली आळशीच दिसत होता. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीने वेठ न करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. मागणी होती 500 पौंड गवताला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच वारली मारले गेले, तरी संप मोडला नाही. गवत उभंच राहिलं आणि मालकांना दर वाढवावा लागला. ज्यांच्या हातांवाचून धंदा बंद पडतो, त्यांना निकामी म्हणता येत नाही.

आता कौशल्य. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा चिकू उतरवतो कोण? वाडीत आलेली वारली बाई. तिला फळाचा रंग बघून चालत नाही, कच्चा आणि तयार चिकू दोन्ही तपकिरीच. सालीवरची भुकटी झडली आहे का ते ती बघते, नखाने जरासं खरवडते. खाली हिरवं दिसलं तर फळ राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर उतरवायचं. हे ती क्षणात करते, दिवसभर करते, आणि तिची चूक झाली तर पेटीतला माल मुंबईच्या बाजारात पोचल्यावर पिकतच नाही. या नजरेला मजुरीच्या तक्त्यात नाव आहे अकुशल. फळाची अशी पारख करणाऱ्या बाईला कारखान्यात माल तपासणीवर बसवायचं कुणाच्या मनातही येत नाही. तिला पॅकिंगला धाडतात, कारण तिच्यापाशी दहावीचा दाखला नसतो.

दाखल्याच्या या अटीबद्दल अमेरिकेतला एक खटला इथल्या प्रत्येक भरती अधिकाऱ्याला माहीत असावा. ड्यूक पॉवर कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या वीज केंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजूर विभागात घेत, आणि त्या विभागातला सर्वांत वरचा पगार इतर विभागांतल्या सर्वांत खालच्या पगारापेक्षाही कमी होता. भेदभावबंदीचा कायदा 1965 मध्ये लागू झाला, तेव्हा कंपनीने वरच्या कामांसाठी शाळेचा दाखला आणि चाचण्या यांची अट पुढे केली. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध कंपनीने दाखवला पाहिजे. नुसता हेतू शुद्ध असून भागत नाही. दाखला नसलेले जुने गोरे कर्मचारी तीच कामं नीट करत होते, हेही न्यायालयाने नोंदवलं. आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. क्रेन चालवायला, बॉयलर सांभाळायला शिक्षण लागतं, ते मान्य. पण बाकीच्या किती कामांना तो दाखला खरोखर लागतो?

राहिला नियम. महाराष्ट्राच्या धोरणात उद्योगांनी 80 टक्के, पर्यवेक्षकांत 50 टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे. पण स्थानिक म्हणजे 15 वर्षं राज्यात राहिलेला कुणीही. बोईसरच्या कारखान्याने जळगाव-सांगलीची माणसं घेतली तरी नियम पाळला जातो. तलासरीतून रोज सकाळी डबा घेऊन गाडीत दाटीवाटीने बसून सीमेपलीकडे उंबरगावला जाणारी मुलगी तर कुणाचीच स्थानिक नाही, कारण तिथे गुजरातचं धोरण गुजरातच्या रहिवाशांसाठी. तालुक्यात दहातले नऊ आदिवासी असूनही तलासरीचं नाव कुठल्याच रकान्यात येत नाही.

उपाय याच मातीत एकदा करून दाखवलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 मध्ये कोसबाडला आल्या, तेव्हा गुरं राखणारी मुलं शाळेत येत नव्हती. मुलांना पळपुटी म्हणण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली. कारखान्यांनी एवढंच करावं: रजेचं वर्ष आवणी धरून आखावं, दाखल्याआधी प्रत्यक्ष काम करून घेऊन बघावं, काम समजावणारा माणूस वारली बोलणारा ठेवावा आणि हेल्परला ऑपरेटर व्हायचा मार्ग लेखी द्यावा. यात कुणावर मेहेरबानी नाही. रोज गळती होते म्हणून नवी माणसं शोधण्याचा खर्च तरी वाचेल.

याच पट्ट्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. प्रकल्प 76,220 कोटींचा, रोजगाराचे आकडे लाखांत सांगितले जातात. बंदराला इथल्या मच्छीमारांचा आणि आदिवासींचा विरोध आहे, आणि नोकरीचं आश्वासन हे त्या विरोधाला उत्तर होऊ शकत नाही. पण आकडे सांगायचेच असतील तर ते पदांनुसार, गावांनुसार ग्रामसभेत मांडावेत. डहाणू-तलासरीतले किती जण क्रेनवर, किती कार्यालयात, किती झाडू मारायला. आणि पहिल्या वर्षीचे हेल्पर पाचव्या वर्षी कुठे पोचले, हा आकडाही त्याच ग्रामसभेत दरवर्षी वाचून दाखवावा.