गळालेले शिंग आणि वैद्यांचे उत्तरदायित्व

सांबरशिंग उगाळून छातीस लेप करावा, हा उपचार महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. 'रसतरंगिणी'सारख्या ग्रंथात मृगशृंग भस्माचा पाठ आहे आणि कास, श्वास, पार्श्वशूल यांत त्याचा उपयोग आपणांपैकी अनेकांनी अनुभवला आहे. त्यामुळे औषधालयाच्या दाराशी पिशवीत शिंगांचे तुकडे घेऊन कोणी आला, तर आपण त्यास सहसा हाकलून देत नाही. 'जंगलात गळून पडलेले आहे, कोणास मारलेले नाही,' एवढे त्याचे आश्वासन आपणांस पुरेसे वाटते. हे आश्वासन बीड जिल्ह्यात तरी कितपत टिकते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम प्राणिशास्त्र पाहू. चितळ आणि सांबर हे हरीणकुळातील प्राणी. त्यांच्या नरांची शिंगे हाडाची असतात, ती गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट व चिंकारा मात्र या कुळातील नव्हेत. त्यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरील कायमचे आवरण असते आणि ते जन्मभर गळत नाही. आपल्या बालाघाटच्या माळरानावर दिसतात ते काळवीट आणि चिंकारा. म्हणजेच या परिसरातले म्हणून कोणी 'गळालेले' शिंग विकावयास आणले, तर ते बहुधा मेलेल्या वा मारलेल्या जनावराचेच असणार. आणि ते खरोखर सांबराचे असेल, तर दूरच्या जंगलातून कोणत्या परवान्यावर आले, हा प्रश्न उरतोच.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील 'ट्रॉफी'च्या व्याख्येत शिंगांचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नेही जंगलात सापडलेली वा तेथून आणलेली शिंगे व हाडे वनोपजात धरली आहेत. मेलेले काळवीट आढळले, तर ते सरकारी मालमत्ता ठरते. त्याचा कोणताही अवयव ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांत पोलीस ठाण्यास वा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. येथे मोरपिसाचे उदाहरण बोलके आहे. हिक्का व छर्दीत आपण मयूरपिच्छ मषी वापरतो. मोराच्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत व्यापारापुरती अधिनियमाने स्वतंत्र सूट दिलेली आहे. शिंगांना, ती गळालेली असली तरी, तशी सूट दिलेली नाही. जेथे सूट द्यावयाची होती तेथे कायद्याने ती शब्दांत दिली आहे, हे आपण ध्यानी घ्यावे.

परंतु मोरपिसाची ही सूटही अभयारण्याच्या सीमेपाशी थांबते. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. अभयारण्यातून परवान्याविना कोणताही वनोपज नेता येत नाही, मग ते जमिनीवर पडलेले पीस असो वा गुळवेलीचा तुकडा. प्रवेशासही परवानगी लागते.

येथेच आपल्या वनौषधी परिचय सहलींचा विषय येतो. या सहली आपण पावसाळ्यात व त्यानंतर लगेच काढतो, कारण तेव्हाच वनस्पती ओळखता येतात. नेमका तोच काळ लांडोरीच्या विणीचा असतो. लांडोर झाडावर घरटे बांधत नाही. ती झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालते. वाट सोडून गवतातून घातलेल्या जीपच्या चाकाखाली काय गेले, हे चालविणाऱ्यास कळतही नाही. शिवाय आपल्या माळावरील माती पातळ, खाली मुरूम. ओल्या जमिनीत उमटलेल्या चाकोरीतून पुढच्या पावसाचे पाणी माती घेऊन वाहते आणि तेथे गवत लवकर धरत नाही. ज्या शंखपुष्पी-भुईरिंगणीच्या शोधात आपण गेलो, तिचीच जागा आपण नासवून येतो. दुष्काळी जिल्ह्यात राहणाऱ्यांना मातीचे मोल वेगळे सांगावयास नको.

काही ज्येष्ठ वैद्यांचा युक्तिवाद असा की, वनखात्यानेच गळालेली शिंगे गोळा करून परवानाधारक निर्मात्यांस द्यावीत. हा विचार त्याज्य नाही, पण त्यात एक मोठी अडचण आहे. अखंड शिंग पाहून ते गळालेले की कापलेले हे सांगता येते, कारण गळालेल्याचा तळ गोलसर व खडबडीत असतो आणि मारलेल्याच्या बुडाशी कवटीचे हाड राहते. एकदा तुकडे होऊन गजपुट मिळाले की मात्र हा भेद पुसला जातो. वैध भस्माच्या आड अवैध भस्म सहज खपेल. आणि जंगलात पडलेले शिंग वाया जाते असेही नाही. साळिंदर व उंदीर ते कुरतडतात, हरणेही चघळतात. त्यांतील चुना व स्फुरद त्यांच्या अंगी लागतो.

मग चिकित्सेचे काय? आपल्या शास्त्राने दुर्मिळ द्रव्यासाठी प्रतिनिधी द्रव्याची वाट शतकांपूर्वीच दाखविली आहे. भावमिश्रांनी अष्टवर्गातील मेदा-महामेदेऐवजी शतावरी आणि जीवक-ऋषभकाऐवजी विदारी सांगितली, तेव्हा त्यांनी शास्त्र सोडले नव्हते. कासश्वासात वासा, कंटकारी, सितोपलादी हाताशी असता केवळ शृंगभस्माअभावी रुग्ण अडला, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. शृंगाचा गुण नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. अवस्था पाहून पर्याय योजण्याचे कौशल्य आपणांकडे आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. दाराशी आलेले शिंग, तुकडे वा त्यांची पूड विकत घेऊ नये. बाजारातून तयार शृंगभस्म घेताना निर्मात्याकडे कच्च्या द्रव्याच्या वैध स्रोताचा लेखी पुरावा मागावा आणि तो न मिळाल्यास माल परत करावा. औषधालयात जुना साठा असेल, तर तो लपवून वा जाळून न टाकता वनाधिकाऱ्यांशी बोलून रीतसर मार्ग काढावा. सहल नेताना आधी परवानगी घ्यावी, वाहन ठरलेल्या रस्त्यावरच उभे करावे व पुढे पायी जावे. विद्यार्थ्यांनी नमुना तोडण्यापेक्षा रेखाचित्र काढावे अथवा छायाचित्र घ्यावे. अभयारण्यात छायाचित्रणाचा उल्लेख परवानगीच्या अर्जात करण्यास विसरू नये.

जप्तीची कारवाई एखाद्याच औषधालयावर होते, पण वृत्तपत्रात नाव येते ते आयुर्वेदाचे. आपल्या शास्त्रावरील विश्वास हा रुग्णाच्या श्रद्धेइतकाच आपल्या वर्तनावर उभा आहे. पिशवी घेऊन येणाऱ्यास आपण एकमुखाने 'नको' म्हटले, तर या जिल्ह्यातील एक बाजार तरी बंद होईल. ते आपल्याच हातात आहे.